चावीचे लहान घड्याळ अजून का हवेसे वाटते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही लग्नसराईंपासून खानदेशातल्या घड्याळांच्या दुकानांत एक बदल दिसतो आहे आणि त्याविषयी आपल्या वाचकांशी बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर खरेदीला आलेली विशी-पंचविशीतली मुले-मुली आता जाडजूड, चकचकीत मनगटी घड्याळ बाजूला ठेवून लहान, पांढऱ्या तबकडीचे, बारीक काट्यांचे, जुन्या धाटणीचे घड्याळ मागू लागली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना याचे नवल वाटते, कारण असे घड्याळ त्यांच्याच कपाटात, औषधांच्या डब्यात किंवा देव्हाऱ्याच्या खणात बंद पडून आहे. काहींनी ते मोडीत काढले, काहींनी दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. माझे म्हणणे एवढेच आहे की हे लहान घड्याळ पुन्हा आवडू लागले आहे ते केवळ फॅशन म्हणून नव्हे. त्याच्या घडणीतच काही गुण असे आहेत की ते जुने होत नाही, आणि ते गुण पुढच्या पिढीच्या हाती पोचायचे असतील तर त्याची दुरुस्ती जाणणारी माणसे आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत टिकली पाहिजेत.

मी कोणत्या घड्याळाबद्दल बोलतो आहे ते आधी स्पष्ट करतो. तबकडी आणि कवच धरून ज्याचा व्यास ३४ ते ३६ मिलिमीटर आहे, जे पातळ आहे, ज्यावर फार तर तारीख आहे आणि बऱ्याचदा तीही नाही, आणि ज्याला रोज सकाळी चावी द्यावी लागते, ते हे घड्याळ. आमच्या पिढीपुढे अशा वेळी एचएमटी या सरकारी कंपनीचे ‘जनता’ उभे राहते. त्याआधीच्या पिढीपुढे स्विस घड्याळे होती. १८६५ पासून भारतात व्यापार करणाऱ्या फाव्र-ल्युबाची किंवा ‘सोवार प्राइमा’ काढणाऱ्या वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे खानदेशातल्या सावकार, वकील आणि रेल्वेतल्या अधिकाऱ्यांच्या घरांतून आजही निघतात. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनच्या गावात तर घड्याळ हे नोकरीचेच साधन होते.

आज ज्याला आपण ‘लहान’ म्हणतो ते मुळात पुरुषांच्या घड्याळाचे नेहमीचे माप होते, ही गोष्ट नव्या ग्राहकाला बहुधा कोणी सांगत नाही. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १९३२ मध्ये काढलेले कलात्रावा हे घड्याळ सुमारे ३१ मिलिमीटरचे होते आणि पुरुषांच्या घड्याळाचा तो आदर्श मानला गेला. पुढची तीस-चाळीस वर्षे पुरुषांची बहुतेक घड्याळे ३२ ते ३६ मिलिमीटरच्या आतच राहिली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र ४२, ४४, अगदी ४६ मिलिमीटरपर्यंत मापे फुगली, आणि मोठे घड्याळ म्हणजे मोठा माणूस अशी समजूत पसरली. माणसाचे मनगट त्या प्रमाणात मोठे झालेले नव्हते. सामान्य मनगटाचा वरचा सपाट भाग पाच-साडेपाच सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर पट्टा अडकवायची दोन्ही टोके धरून पाच सेंटिमीटरहून लांब घड्याळ बांधले की ते कडेने लोंबू लागते, शर्टाच्या बाहीखाली जात नाही आणि मोटारसायकलचे हँडल धरताना त्याची चावी हाताच्या पाठीला टोचते. छत्तीस मिलिमीटरचे घड्याळ यांपैकी काहीही करत नाही. ते बांधले आहे हे थोड्या वेळाने लक्षातही राहत नाही, आणि रोज वापरायच्या वस्तूबद्दल याहून मोठी प्रशस्ती मला सुचत नाही.

या मापामुळेच ते एका घरात अनेकांच्या हातांवर शोभते. माझ्या वडिलांचे घड्याळ आज माझी मुलगी वापरते. बँकेत जाताना काळ्या कातडी पट्ट्यावर, गावी आली की कापडी पट्ट्यावर, आणि कानबाईच्या रोटांच्या दिवशी साडी व बांगड्यांसोबत तेच घड्याळ तिच्या हातावर असते. ते पुरुषाचे घड्याळ आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. अशा बहुतेक घड्याळांना १८ मिलिमीटरचा पट्टा लागतो आणि तो कोणत्याही गावातल्या दुकानात मिळतो. पट्टा बदलला की घड्याळाचे रूप बदलते. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा घामाने कातडी पट्टा काही आठवड्यांत कडक होतो, त्याला वास येतो आणि मनगटावर पुरळ उठते. तेव्हा उन्हाळ्यात नायलॉनचा किंवा सुती कापडाचा धुता येणारा पट्टा आणि दिवाळीनंतर कातडी पट्टा, ही साधी पद्धत सर्वांनी ठेवावी. स्टीलचा जड पट्टा या पातळ घड्याळांना शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कामाच्या दृष्टीनेही हे घड्याळ कमी पडत नाही. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका आजही नाडी मोजताना सेकंद काट्याकडेच पाहते. रात्रीच्या थ्री फेज विजेवर रावेर-यावलच्या केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला ओल्या, मातीच्या हातांनी खिशातला मोबाइल काढता येत नाही, पण मनगट चेहऱ्यासमोर आणता येते. स्मार्टवॉच परीक्षा केंद्रात नेऊ देत नाहीत. काही परीक्षांत कोणतेच घड्याळ चालत नाही हे खरे, परंतु जिथे साध्या काट्यांच्या घड्याळाला परवानगी असते तिथे उरलेला वेळ एका नजरेत कळणे विद्यार्थ्याला किती उपयोगाचे असते, हे शिक्षक म्हणून मी अनेक वर्षे वर्गात पाहिले आहे. काट्यांच्या घड्याळात वेळ दिसतो आणि उरलेला वेळही दिसतो. पेपर संपायला पाव तास राहिला आहे हे वजाबाकी न करता समजते.

एचएमटीची थोडी हकिकत इथे सांगितली पाहिजे, कारण खानदेशातल्या बहुतेक घरांत जे जुने घड्याळ सापडेल ते तिचेच असेल. यंत्रे बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि तिथली पहिली घड्याळे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते देशापुढे आली. पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’, ‘जवान’, स्त्रियांसाठी ‘सुजाता’, तर चावी न देता हाताच्या हालचालीवर चालणारे ‘कांचन’ अशी नावे घरोघर पोचली. अंध व्यक्तींना बोटांनी वेळ वाचता यावी म्हणून ब्रेल घड्याळेही या कंपनीने बनवली. त्या काळात मॅट्रिक झालेल्या भाच्याला मामाने घड्याळ द्यायचे, जावयाला मांडवात घड्याळ बांधायचे आणि निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला सगळ्यांनी वर्गणी काढून घड्याळ द्यायचे, हा रिवाजच होता. एका शिक्षकाच्या किंवा तलाठ्याच्या पगारात बसणारे आणि तरी वीस-तीस वर्षे चालणारे घड्याळ देशातच तयार होणे, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे काळ बदलला. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक महामंडळ यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी देखणी घड्याळे बाजारात आणली. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली.

सेलच्या म्हणजे क्वार्ट्झ घड्याळावर माझा राग नाही, आणि अचूकतेच्या बाबतीत चावीचे घड्याळ त्याच्या जवळपासही येत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्यामुळे महिन्याला पंधरा-वीस सेकंदांपेक्षा जास्त फरक पडत नाही. चांगल्या स्थितीतले चावीचे जुने घड्याळ दिवसालाच वीस-तीस सेकंद पुढेमागे होते. ज्याला एवढा फरक चालणार नाही त्याने लहान मापाचे क्वार्ट्झ घ्यावे. त्याच्या सेलचा खर्च थोडा असतो. फक्त बंद पडलेले घड्याळ कपाटात ठेवताना सेल काढून ठेवावा, कारण सेल गळला की आतला विजेचा भाग खराब होतो आणि तो बहुधा दुरुस्त न होता बदलावाच लागतो.

चावीच्या घड्याळाचे वेगळेपण इथेच सुरू होते. त्याच्या आत बदलता येणार नाही किंवा पुन्हा घडवता येणार नाही असा भागच नाही. चावी दिली की डबीतली कमान, म्हणजे मुख्य स्प्रिंग, आवळली जाते. ती उलगडताना दातेरी चाकांची रांग फिरते, आणि शेवटी लिव्हर आणि केसासारख्या बारीक स्प्रिंगवर झुलणारे बॅलन्सचे चाक ती शक्ती एका ठराविक गतीने, थोडी थोडी सोडते. जनतासारख्या घड्याळात हे ठोके तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला पाच पडतात, आणि कानाशी धरल्यावर ऐकू येते ती टिकटिक हीच. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते ती माणिकाची खडे-बेअरिंगे आहेत. ती कृत्रिम माणके असतात, फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्नय यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीमुळे ती स्वस्तात बनू लागली, त्यामुळे त्यांना दागिन्याची किंमत नाही. त्यांचे मोल वेगळे आहे. चाकांच्या आसांची टोके या कठीण, गुळगुळीत खड्यांत फिरतात म्हणून ती झिजत नाहीत आणि पन्नास वर्षांनंतरही यंत्र नव्यासारखे चालू शकते. रोज ठरलेल्या वेळी, हाताला अडकल्यासारखे लागेपर्यंत चावी दिली की घड्याळ दीड दिवस सहज चालते. अडकल्यावर जोर करू नये एवढेच पथ्य.

मात्र ते चालते कोणाच्या हातांनी? घड्याळातले तेल चार-पाच वर्षांत सुकते किंवा घट्ट होते. तेव्हा सारे यंत्र उकलून, प्रत्येक चाक धुऊन, खड्याखड्यात सुईच्या टोकाएवढे तेल सोडून ते पुन्हा जोडावे लागते. आपल्या भागात हे काम आणखी गरजेचे आहे, कारण जिनिंगची बारीक धूळ आणि उन्हाळ्यातली वावटळ जुन्या घड्याळाच्या सैल झाकणातून सहज आत जाते. प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेत पूर्वी काचेच्या लहान पेटीमागे, डोळ्याला भिंग लावून बसलेले एक-दोन घड्याळजी असायचे. आमच्या गावात अशा एका घड्याळजींना सगळे ‘जिभाऊ’ म्हणत. त्यांच्याकडे विद्यार्थी, शेतकरी, न्यायाधीश सगळे एकाच बाकावर बसून आपापल्या घड्याळाची वाट पाहत. कमान तुटली तर कमान, काच गेली तर काच, चावीचा दांडा मोडला तर दांडा ते जुन्या बंद घड्याळांतून काढून बसवत, आणि घेतलेल्या पैशांचा हिशेब सांगत. त्यांच्या मागे ते काम कोणी घेतले नाही. आज अशी माणसे शोधावी लागतात. मुले या कामात येत नाहीत याचा दोष मुलांना देता येणार नाही. सेल बदलणे आणि मोबाइलची काच बसवणे यांत लवकर पैसे मिळतात, आणि यंत्र उकलायला शिकण्यासाठी जवळ बसून दोन-तीन वर्षे घालवावी लागतात. पण जुन्या घड्याळांची मागणी पुन्हा वाढत असताना हे ज्ञान नेमके आताच नाहीसे व्हावे, याची मला फार खंत वाटते.

दुरुस्त करणारे कमी झाले की दुसरी एक गोष्ट वाढते, तिच्याबद्दल तरुण ग्राहकांना सावध करणे आवश्यक आहे. ऑनलाइन बाजारात ‘व्हिंटेज एचएमटी’ म्हणून भडक निळ्या, हिरव्या, केशरी तबकड्यांची घड्याळे स्वस्तात मिळतात. त्यांपैकी अनेकांत यंत्र एका घड्याळाचे, कवच दुसऱ्याचे आणि तबकडी अलीकडे नव्याने रंगवलेली असते. जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात, आणि आपल्या राज्याच्या राजधानीचे नाव अशा कारणाने घेतले जावे हे मला क्लेशदायक वाटते. तबकडीवरची अक्षरे जाड, पसरलेली किंवा वाकडी असतील, सेकंद काटा लहान-मोठा किंवा दुसऱ्याच रंगाचा असेल, पन्नास वर्षांच्या घड्याळाची तबकडी कालच छापल्यासारखी चकाकत असेल, आणि विक्रेता मागचे झाकण उघडून यंत्राचे छायाचित्र दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर ते घेऊ नये. थोडी पिवळसर पडलेली, कडेला डाग असलेली मूळ तबकडी नव्या रंगापेक्षा कितीतरी बरी. वडिलांच्या किंवा आजोबांच्या घड्याळाची तबकडी रंगवून घेण्याचा मोहही टाळावा. काच मात्र जरूर बदलावी. तीही पुष्कळदा बदलावी लागत नाही, कारण जुन्या घड्याळांची काच प्लास्टिकची असते आणि तिच्यावरचे बारीक ओरखडे मऊ कापडावर थोडी टूथपेस्ट घेऊन घासले की निघून जातात.

काळजीच्या आणखी दोन गोष्टी. या घड्याळांवर पाण्यापासून संरक्षण असे काही लिहिलेले असले तरी इतक्या वर्षांनंतर त्यावर विश्वास ठेवू नये. पावसात, रंगपंचमीला आणि भांडी घासताना ते काढून ठेवावे. काचेच्या आत वाफ दिसली तर त्याच दिवशी घड्याळजींकडे न्यावे, कारण गंज एका आठवड्यात बारीक भाग खातो. आणि एखादे घड्याळ १९६० च्या दशकातले किंवा त्याआधीचे असून त्याच्या आकड्यांवर तपकिरी पडलेला, एके काळी अंधारात चमकणारा लेप असेल, तर ते घरी उघडू नये, तो लेप खरवडू नये. त्यात रेडियम हा घातक किरणे सोडणारा पदार्थ असू शकतो. चमक विझली तरी रेडियम विझत नाही. त्याची निम्मी शक्ती कमी व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात.

ज्यांच्या घरी जुने घड्याळ नाही त्यांनी निराश व्हावे असे नाही. अमेरिकेत नावारूपाला आलेल्या टायमेक्सने १९६० च्या दशकातले ‘मार्लिन’ २०१७ मध्ये ३४ मिलिमीटरच्या मूळ मापात, चावीच्या यंत्रासह पुन्हा काढले. हॅमिल्टनचे सैनिकी धाटणीचे चावीचे घड्याळ ३८ मिलिमीटरमध्ये मिळते. या किमती सगळ्यांना परवडणार नाहीत. पण साध्या क्वार्ट्झमध्येही ३४-३६ मिलिमीटरची, पांढऱ्या तबकडीची, अंगाने पातळ घड्याळे माफक दरात उपलब्ध आहेत. दुकानदार सहसा ती स्त्रियांच्या कप्प्यात ठेवतात, म्हणून पुरुषांनी तिथेही निःसंकोच पाहावे. लग्नात जावयाला किंवा सुनेला द्यायचे घड्याळ निवडताना पेटीचा थाट न पाहता ते मनगटावर बांधून पाहावे, इतकी विनंती आहे.

आता ज्या कारणासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले ते सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चावीचे घड्याळ पूर्ण उकलून दुरुस्त करू शकणारी माणसे आजही आहेत, पण ती विखुरलेली आहेत. कोणाचे दुकान बोळात आहे, कोणी दुकान बंद करून घरूनच काम करतात, आणि ग्राहकाला त्यांचा पत्ता लागत नाही. आपल्या दैनिकाचे वार्ताहर तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्या मदतीने अशा कारागिरांची, त्यांची संमती घेऊन, तालुकावार यादी आपण प्रसिद्ध करावी आणि दरवर्षी लग्नसराईच्या आधी ती पुन्हा छापावी. त्याचबरोबर आमच्या लोकप्रतिनिधींनी जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत घड्याळ दुरुस्तीचा अल्प मुदतीचा वर्ग सुरू करण्यासाठी प्रयत्न करावा, आणि तिथे शिकवण्यासाठी पदवीची अट न लावता याच जुन्या कारागिरांना मानधन देऊन बोलवावे. त्यांच्यातल्या अनेकांची दृष्टी अजून भिंगाला साथ देते आहे, हात स्थिर आहेत, आणि शिकायला कोणी आले तर शिकवण्याची त्यांची तयारी आहे. ज्या घरांत बंद पडलेली, दुरुस्तीपलीकडची घड्याळे असतील त्यांनी ती भंगारात न देता अशा कारागिरांना द्यावीत, कारण एचएमटीचे सुटे भाग आता कारखान्यातून येणार नाहीत. एका बंद घड्याळातली कमान आणि चावीचा दांडा यांवरच दुसरे घड्याळ चालू होणार आहे. ही यादी तयार करण्याच्या कामी अमळनेर आणि चोपडा तालुक्यांपुरती माझी मदत आपण केव्हाही घ्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव